सात नंबर

एकोणीसशे चौतीस साली निपाणीत
मला महिना सहा रुपये मिळायचे, ऐकण्याचे.
खिळे जुळवण्याचे नऊ, ते वेगळे,
ते छापखान्याचा मालक द्यायचा, उशिरा.
ऐकण्याचे मात्र एक तारखेला,
चिकोडी नाक्यावर, पानाच्या पुड्यात बांधून.

मंडळाचं नाव मोठं होतं,
पाटीवर दोन ओळींत मावायचं नाही.
चिटणीस पेन्शनीतले फौजदार, दम्याचे.
म्हणाले, सरकारचा याच्याशी संबंध नाही,
सरकार झोपलंय म्हणून तर आपण जागे.
मग बराच वेळ खोकले, आणि म्हणाले,
तू आजपासून सात नंबर.
एक ते सहा कोण, मी विचारलं नाही.
आता वाटतं, नसावेतच.

काम असं: वखारीत रात्री कोण बसतं,
कुणाचं पत्र कुठून येतं,
'मजूर' हा शब्द कोण किती वेळा काढतं.
लाल म्हणजे नेमकं काय, ते कुणी सांगितलं नाही.
मला लाल म्हणून ठाऊक होती ती संकेश्वरची मिरची.

पहिल्याच रात्री शिंकलो.
तंबाखूच्या धुळीत जन्म गेलेलं माणूस शिंकत नाही.
कंदिलाभोवती चाळीसजण गप्प, आणि मी
एकामागून एक, डोळे पुसत.
पानाची शीर काढणारी काशव्वा हात न थांबवता म्हणाली,
"नाकास फडकं बांध की. सवय न्हाई व्हय तुला?"
झालं. सगळ्यांना कळलं.
कुणी हाकललं नाही.
ते बोलत राहिले, शेराला किती पैसे,
बाळंतिणीला किती दिवस,
आणि मधूनच माझ्याकडे बघून सावकाश बोलायचे,
मला नीट लिहून घेता यावं तसं.

पण बाळंतिणीच्या दिवसांवर अहवाल होत नाही.
चिटणीस म्हणाले, यात काहीच नाही.
सहा रुपये जातील म्हणून
मी एक माणूस तयार केला.
उंच. घारा. कोल्हापूरच्या मोटारीनं येणारा.
मराठीत अडखळणारा, कन्नडातही.
नाव दिलं नाही; नाव दिलं की शोधतात.
पुढच्या महिन्यात आठ रुपये आले.
मग मी त्याला चष्मा दिला.
मग एक पेटी. पेटीला कुलूप.

दिवाळीनंतर छापखान्यात आठ पानी पत्रकाचं काम आलं.
भाषांतर मुंबईचं; मूळ म्हणे स्वित्झर्लंडातल्या
कुठल्याशा कचेरीचं, जिथं असले कागद जगभरातून जमतात.
मी उलटी अक्षरं जुळवत गेलो.
आमच्यात हात आधी वाचतो, डोळे नंतर:
'मुंबई इलाख्याच्या दक्षिणेस, तंबाखूच्या एका पेठेत,
घाऱ्या डोळ्यांचा इसम, चष्मा, कुलूपबंद पेटी.'
पेटीत काय, ते मलाच ठाऊक नव्हतं.
पत्रकात होतं. रशियाचं सोनं.

माझा माणूस बोटीनं जाऊन परत आला होता.
मी बेळगावापलीकडे गेलो नव्हतो.
एरवी खिळे कमी पडतात, काम अडतं.
त्या दिवशी सगळे पुरले.

मग मंडळाला घारा माणूस पाहिजे झाला.
तवनाप्पा तोलारी जन्माचा घारा.
चष्मा नव्हता. म्हणाले, काढून ठेवला असेल.
पत्र्याची ट्रंक फोडली: तान्ह्याचे वाळे,
दोन पावत्या, एक सुटलेली बंडी.
तरी त्याला पुन्हा कुणी तराजूला हात लावू दिला नाही,
ना निपाणीत, ना संकेश्वरात.
बायकोला घेऊन तो घटप्रभेकडे गेला, चालत.

नंतर एकदा काशव्वा छापखान्याच्या दारात आली.
शिळ्या प्रुफांवर पाय पडू न देता उभी राहिली.
"तुझा त्यो घारा पाव्हणा
आला तर सांग त्याला," म्हणाली,
"तवनाप्पाचं घर रिकामं हाय."

हे मी अहवालात लिहिलं नाही.
जागा होती.